हरलेली बाजू कशी मांडावी? डेमॉस्थेनिसचं एक भाषण, वकिलाच्या नजरेतून

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या दूध संस्थेच्या संचालक मंडळानं तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवायची मोठी टाकी, घेतला. पुढं संकलन घटलं, हप्ते थकले, संस्था तोट्यात गेली. येत्या वार्षिक सभेत विरोधी गट नेमका हाच विषय काढणार आहे. प्रश्न विचारणारे त्या मंडळातले तरुण संचालक आहेत आणि उत्तराचं भाषण त्यांच्या गळ्यात पडलंय. ते विचारतात, "जुन्या काळातले मोठे राजकीय वक्ते अशा वेळी काय करत? एखादंच भाषण अभ्यासायचं तर कोणतं? आणि मला अलंकारिक बोलता येत नाही, ते कसं शिकू?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, तो सर्वांत सोपा आहे. शिकू नका. मी एकतीस वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात वकिली केली आणि जवळपास तेवढीच वर्षं वक्तृत्व स्पर्धांच्या मुलांची तयारी करून घेतली. पोरांच्या भाषणात शेर असतो, सुभाषित असतं, शेवटी आवाज चढतो, टाळ्या पडतात. त्या टाळ्यांनी कुणाचं मत फिरलेलं मी फारसं पाहिलं नाही. ऐकणाऱ्याच्या मनात आधी प्रश्न ठरतो, म्हणजे आज आपण नक्की कशाला हो किंवा नाही म्हणणार आहोत ते. तो प्रश्न आपल्याला हवा तसा ठरला, तर पुढचं सगळं घरच्या भाषेत बोललं तरी भागतं.

दिवाणी कोर्टात हे काम न्यायाधीश करतात. वादीचा दावा आणि प्रतिवादीची कैफियत वाचून ते मुद्दे काढतात: वादी आपली मालकी शाबीत करतो काय, दावा मुदतीत आहे काय, वगैरे. मुद्दे मनासारखे निघाले की अर्धा दावा खिशात, असं आमच्याकडचे जुने वकील म्हणत. सभेत मुद्दे काढणारा कुणी नसतो. जो बोलतो तोच मुद्दे काढतो, आणि जो चांगले काढतो तो जिंकतो. एवढं एकच मला सांगायचं आहे, आणि ते दाखवायला अथेन्सचा राजकीय वक्ता डेमॉस्थेनिस यानं इ.स.पूर्व 330 मध्ये केलेल्या 'मुकुटाबद्दल' या भाषणाइतकं चांगलं उदाहरण माझ्या वाचनात दुसरं नाही.

आधी थोडा इतिहास. फिलिप हा अथेन्सच्या उत्तरेकडच्या मॅसिडोनियाचा राजा, इ.स.पूर्व 359 पासून सत्तेवर. एकेक शहर घेत तो ग्रीसमध्ये खाली सरकत होता, आणि हा उद्या आपल्या दारात येणार असं डेमॉस्थेनिस अथेन्सच्या सभेत वर्षानुवर्षं सांगत होता. शेवटी त्याच्याच सल्ल्यानं अथेन्सनं आपल्या जुन्या वैऱ्याशी, थीब्ज या शहराशी, हात मिळवला आणि दोघं मिळून फिलिपशी लढले. इ.स.पूर्व 338, कायरोनियाचं रण. धुव्वा उडाला. अथेन्सचे सुमारे हजार लोक पडले, दोन हजार कैद झाले. डेमॉस्थेनिस स्वतः पायदळात होता आणि तो तिथून वाचून परतला. विरोधकांनी "पळाला" हा शब्द आयुष्यभर त्याला चिकटवला.

दोन वर्षांनी क्टेसिफॉन नावाच्या नागरिकानं ठराव आणला की, डेमॉस्थेनिसनं शहराच्या तटबंदीच्या कामात पदरचे पैसे घातले आणि तो सदैव लोकांच्या हिताचंच बोलत व करत आला, म्हणून नाट्योत्सवात जाहीरपणे त्याला सोन्याचा मुकुट द्यावा. यावर एस्किनिसनं खटला गुदरला. एस्किनिस डेमॉस्थेनिसचा जुना शत्रू. एकेकाळचा नट, आवाज भरदार, उभं राहणं रुबाबदार. खटला नावाला क्टेसिफॉनवर होता, निशाणा डेमॉस्थेनिसवर, आणि बचावाला उभाही तोच राहिला. आपल्याकडच्या दाव्यांसारखाच तो सहा वर्षं पडून राहिला. मधल्या काळात फिलिपचा खून झाला, त्याचा मुलगा अलेक्झांडर गादीवर आला, त्यानं थीब्ज शहर जमीनदोस्त केलं आणि इराणच्या सम्राटाला पळता भुई थोडी केली. म्हणजे खटला उभा राहिला तेव्हा डेमॉस्थेनिसचं धोरण पुरतं फसलेलं होतं. ज्या थीब्जशी मैत्री केली, ते शहरच नकाशावर उरलं नव्हतं. आता या माणसाला सोन्याचा मुकुट कशासाठी? तुमच्या कूलरची बाजू याच्यापेक्षा कितीतरी बरी आहे.

न्यायालयाची रचना समजून घ्या, कारण तुमची वार्षिक सभा त्याच्याशी बरीच जुळते. तिथं कायदा समजावणारा न्यायाधीश नव्हता. तीस वर्षांवरचे नागरिक पंच म्हणून निकाल देत आणि अशा सार्वजनिक खटल्यात ते किमान 501 असत. दिवसाचे तीन भाग पाडत. एक फिर्यादीला, एक बचावाला, तिसरा शिक्षा ठरवायला. वेळ मोजायला तळाशी नळी असलेलं पाण्याचं भांडं. अथेन्सच्या बाजारपेठेच्या उत्खननात असं एक मातीचं भांडं सापडलंय, त्यात सहा लिटरहून थोडं जास्त पाणी बसतं आणि ते सहा मिनिटांत रिकामं होतं. भाषणं संपली की आपसांत चर्चा न करता लगेच गुप्त मतदान. म्हणजे शेवटचा शब्द कानात घुमत असतानाच मत पडायचं. पंचांच्या पलीकडे बघ्यांची गर्दी असायचीच, आणि या खटल्याला तर ती नेहमीपेक्षा जास्त होती.

एस्किनिसचे मुद्दे तीन होते. एक, ज्या अधिकाऱ्याचा हिशेब अजून तपासला गेलेला नाही, त्याला मुकुट देणं बेकायदा. आणि ठराव आला तेव्हा डेमॉस्थेनिस तटबंदीच्या कामावर अधिकारी होता. दोन, असा मुकुट नाट्यगृहात जाहीर करता येत नाही. तीन, डेमॉस्थेनिसनं लोकांचं हित केलं हे ठरावातलं विधानच खोटं. पहिला मुद्दा कागदावर भक्कम होता. बहुतेक अभ्यासकांचं आणि माझ्यासारख्या साध्या वकिलाचंही मत असंच पडतं की, निव्वळ कायद्यानं पाहिलं तर क्टेसिफॉन अडचणीत होता.

एस्किनिसला हे माहीत होतं. म्हणून भाषण संपवता संपवता त्यानं पंचांना बजावलं की, डेमॉस्थेनिसला त्याच्या मनाप्रमाणे बोलू देऊ नका. मी ज्या क्रमानं मुद्दे मांडले त्याच क्रमानं त्यानं उत्तर द्यावं, आधी कायद्याचं, मग बाकीचं. मागणी किती वाजवी वाटते बघा. आणि डेमॉस्थेनिस भाषणाच्या पहिल्याच मिनिटात तीच उडवून लावतो. तो देवांची प्रार्थना करतो आणि म्हणतो, माझ्या विरोधकाच्या सल्ल्यानं तुम्ही माझं ऐकू नये अशी बुद्धी देव तुम्हाला देवो. तुमची शपथ आहे दोन्ही बाजू सारख्याच ऐकण्याची. आणि सारखं ऐकणं म्हणजे नुसतं आधी मत बनवून न बसणं एवढंच नाही, प्रत्येकाला आपापल्या बचावाची मांडणी आपल्या मर्जीनं करू देणं हेही त्यात येतं.

हे वाचलं तेव्हा मला माझा एक जुना दावा आठवला. वकिलीची दुसरी-तिसरी वर्षं असतील. बांधाचा वाद, पक्षकार गरीब, बाजू खरी. समोरच्यानं सात मुद्दे काढले आणि मी शहाण्या मुलासारखा एक ते सात क्रमानं उत्तर देत गेलो. पहिलाच मुद्दा मुदतीचा होता, तिथंच माझी बाजू लंगडी होती, आणि उत्तर देताना माझी जीभ जी अडखळली ती शेवटपर्यंत सावरली नाही. दावा गेला. बाररूममध्ये माझे सीनियर एवढंच म्हणाले, "तू त्याच्या कागदावर सही केलीस." तेव्हापासून समोरच्याचा क्रम मी कधी पाळला नाही.

डेमॉस्थेनिसचा क्रम असा. आधी फिलिपशी बऱ्याच वर्षांपूर्वी झालेल्या तहाची हकीकत, मग स्वतःचं धोरण. मग मध्येच, जिथं ऐकणाऱ्याचं लक्ष थोडं सैल झालेलं असतं तिथं, कायद्याचे मुद्दे झटपट: माझ्या हातून गेलेल्या पैशाचा हिशेब मी जन्मभर द्यायला तयार आहे, पण स्वखुशीनं दिलेल्या देणगीचा हिशेब कसला मागता, आणि मुकुट तर देणगीसाठी आहे. हे उत्तर चलाखीचं आहे, पूर्ण नाही. तोवर तो पुढं गेलेला असतो. या भाषणाच्या आजच्या प्रतींत 324 परिच्छेद पाडलेले आहेत. कायद्याच्या मुद्द्यांना त्यातले जेमतेम पंधरा मिळतात. एकाच वेळी दोन्हीकडून झाकलेली कमजोर जागा: आधी त्याची कामगिरी, नंतर विरोधकावर तुटून पडणं, मध्ये कायदा.

मग येतो तिसरा मुद्दा, धोरण चूक की बरोबर. इथं खरी कारागिरी आहे.

एस्किनिस निकालावरून बोलत होता. हजार माणसं मेली, थीब्ज गेलं, हे कुणामुळं? आपण मराठी माणसं हा प्रश्न चांगला ओळखतो. पानिपत होऊन अडीचशेच्या वर वर्षं झाली, पण भाऊसाहेबांनी अमुक करायला नको होतं, तमुक ऐकायला हवं होतं, असं सांगणारा प्रत्येक पारावर भेटतो. निकाल माहीत असला की शहाणपण फुकट मिळतं.

डेमॉस्थेनिस निकालाचा प्रश्न टाळत नाही, तो त्याची तारीख बदलतो. पंचांना तो आठ-नऊ वर्षं मागं नेतो, एका संध्याकाळी. फिलिपनं इलाटिया घेतल्याची बातमी घेऊन एकजण कारभाऱ्यांकडे येतो. इलाटिया म्हणजे थीब्जच्या आणि पर्यायानं अथेन्सच्या वाटेवरची कडी. ती निसटली की पुढं मैदान मोकळं. हा प्रसंग तो कसा सांगतो पाहा. विशेषण जवळजवळ नाही. संध्याकाळ होती. कारभारी जेवत होते, ते तसेच उठले. काहींनी बाजारातल्या दुकानदारांना उठवून कुडाच्या टपऱ्या पेटवल्या, काहींनी सेनापतींना बोलावणं धाडलं, कर्णेवाल्याला हाक मारली. शहरभर गलबला. दुसऱ्या दिवशी उजाडताच कारभारी मंडळ आपल्या सभागृहात गेलं; तुम्ही सगळे टेकडीवर सभेला गेलात, आणि मंडळाचं बोलणं संपायच्या आत सारा गाव वर बसलेला होता. बातमी आणणाऱ्याला पुढं उभं केलं. त्यानं सांगितलं. मग दवंडीवाल्यानं नेहमीची हाक दिली: कोण बोलू इच्छितो?

कुणीही उठलं नाही.

हाक पुन्हा पुन्हा दिली गेली. सगळे सेनापती हजर, सगळे वक्ते हजर, मातृभूमीचाच आवाज बोलणाऱ्याला बोलावतोय, आणि कुणी उठत नाही. डेमॉस्थेनिस पंचांना सांगतो की त्या दिवशी नुसता देशभक्त किंवा नुसता श्रीमंत माणूस पुरणार नव्हता. फिलिपच्या चाली पहिल्यापासून पाहत आलेला, त्याला काय हवंय ते ओळखणारा माणूस हवा होता. तो मी होतो. मी उठलो.

चोवीस शतकांपूर्वीची ही दहा-बारा वाक्यं मी वक्तृत्वाच्या मुलांना तोंडपाठ करायला लावत असे, आणि प्रत्येक वर्षी कुणीतरी "सर, यात काही भाषणासारखं नाहीच" अशी तक्रार करायचा. खरं आहे. यात उपमा नाही, दवंडीची हाक सोडली तर प्रश्नचिन्ह नाही. पण ऐकणारे पंच त्या टेकडीवर स्वतः बसलेले होते. त्यातल्या अनेकांनी ती हाक कानांनी ऐकली होती आणि मान खाली घातली होती. आठ-नऊ वर्षांनी तीच शांतता त्यांच्या अंगावर परत येते. आता "निकाल वाईट लागला" असं म्हणणाऱ्या एस्किनिसला तो एकच विचारू शकतो: त्या सकाळी तूही तिथंच होतास. मग उठला का नाहीस?

ॲरिस्टॉटल त्याच काळात अथेन्समध्ये शिकवत होता. त्यानं भाषणांचे तीन वर्ग केले, त्यातले दोन इथं कामाचे. न्यायालयातलं भाषण झालेल्या गोष्टीबद्दल असतं, आणि लोकांच्या सभेतलं पुढं काय करायचं याबद्दल. डेमॉस्थेनिसची युक्ती या दोन खणांत बसवली की लगेच कळते. त्यानं न्यायालयाची पुन्हा लोकांची सभा केली. पंच झालेल्या गोष्टीचा निवाडा करायला आले होते. त्यानं त्यांना अजून न झालेल्या गोष्टीपुढं नेऊन बसवलं आणि विचारलं, आता सांगा, तुमच्याकडे दुसरा कुठला ठराव आहे? दुसरा ठराव कुणाकडंच नव्हता. मुद्दा बदलला. सकाळी मुद्दा होता, धोरणानं नुकसान झालं काय. दुपारपर्यंत झाला, त्या वेळी याहून चांगला सल्ला कुणी दिला होता काय.

सल्लागार आणि कुरापतखोर यांतला फरक तो इथंच सांगतो. सल्लागार घटना घडण्याआधी बोलतो आणि स्वतःला जबाबदार धरू देतो. दुसरा बोलायच्या वेळी गप्प असतो आणि बिघडल्यावर तोंड उघडतो. रोगी जिवंत असताना न बोलणारा आणि अंत्ययात्रेत "हे औषध दिलं असतं तर वाचला असता" म्हणणारा वैद्य, असा दृष्टांतही तो देतो. गंमत अशी की आपल्या हाती आलेल्या एस्किनिसच्या भाषणात, डेमॉस्थेनिस हा वैद्याचा दृष्टांत देणार आहे, असं आधीच सांगून ठेवलेलं आहे. आधी बोलणाऱ्याला हे कसं कळलं? बोलून झाल्यावर दोघांनीही आपापली भाषणं दुरुस्त करून लोकांत फिरवली, असं अभ्यासक म्हणतात. आम्हीही कोर्टात बोललो त्यापेक्षा लेखी युक्तिवादात जास्त शहाणे असतो.

आणखी एक पायरी तो चढतो, आणि ती चढायला धाडस लागतं. समजा, म्हणतो, जे होणार ते आधीच सगळ्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि एस्किनिस, तू घसा फोडून ओरडून सांगत होतास (प्रत्यक्षात तू अवाक्षर काढलं नाहीस), तरीसुद्धा या शहरानं हेच करायला हवं होतं. नाहीतर आपल्या पूर्वजांच्या नावाचं काय झालं असतं? मग इराण्यांशी लढलेल्या पूर्वजांची ती प्रसिद्ध शपथ येते. तुम्ही चुकला नाहीत, अथेन्सकरांनो. मॅरेथॉनला जे पुढं सरसावले, प्लॅटियाला जे उभे राहिले, सॅलमिसला नि आर्टेमिसियमला जे समुद्रावर लढले, त्या पूर्वजांची शपथ. आणि सार्वजनिक थडग्यांत जे शूर निजले आहेत त्या सगळ्यांची. शहरानं त्या सगळ्यांना सारख्याच मानानं मूठमाती दिली, एस्किनिस. त्यांतल्या फक्त यशस्वी झालेल्यांना नव्हे.

पुढच्या काळातल्या एका ग्रीक टीकाकारानं इथली खुबी बरोबर पकडली आहे. मॅरेथॉन, सॅलमिस, प्लॅटिया हे विजय होते आणि कायरोनिया पराभव. तुलना तिथंच फाटायला हवी. म्हणून पूर्वजांची नावं घेताना डेमॉस्थेनिस "जिंकले" हा शब्दच वापरत नाही. सरसावले, उभे राहिले, लढले. निकाल सांगणारं क्रियापद त्यानं शपथेतून काढून टाकलं. क्रियापद निवडणं म्हणजे काय, ते मुलांना दाखवायला मला याहून चांगला नमुना मिळाला नाही.

"तुम्ही चुकला नाहीत" हे शब्दही मोजून ठेवलेले आहेत. युद्धाचा ठराव अथेन्सच्या सभेनंच मंजूर केला होता. डेमॉस्थेनिस दोषी, तर हात वर करणारे सगळेच दोषी. हे तो धमकीसारखं म्हणू शकला असता: तुम्हीच तर मतं दिली होतीत! तसं तो कुठंही म्हणत नाही. तो त्यांचा निर्णय त्यांना मानानं परत देतो.

निकाल: एस्किनिसला एकपंचमांश मतंही पडली नाहीत. अशा फिर्यादीला तिथं हजार द्राख्मांचा दंड होता, वर पुन्हा असे खटले भरायचा हक्क जाई. तो अथेन्स सोडून गेला आणि पुढं ऱ्होड्स बेटावर राहिला.

आता दुसरी बाजू, कारण मी हे भाषण मुलांना आंधळेपणानं शिकवत नाही. यात घाणही भरपूर आहे. एस्किनिसच्या बापाला गुलाम म्हटलंय, आईच्या चारित्र्यावर चिखल उडवलाय, त्याच्या गरिबीची टवाळी केलीय. तू शाळेत शिकवत होतास, मी शाळेत शिकायला जात होतो. तू कारकून होतास, मी सभासद. तू नाटकात तिसरी भूमिका करायचास, मी प्रेक्षकांत बसायचो. तू पडायचास, मी शिट्ट्या मारायचो, असं जोडीजोडीनं. वाचताना हसू येतं, पण हे श्रीमंताच्या मुलानं गरिबाच्या मुलाला हिणवणं आहे. तुमच्या सभेत असलं बोललात तर भावकीतल्याच दोन माणसांची मतं जातील. एस्किनिस फिलिपचा पगारी हस्तक होता, हेही भाषणभर घोळवलंय; पण तेरा वर्षांपूर्वी याच आरोपावरून डेमॉस्थेनिसनं त्याच्यावर खटला चालवला होता आणि थोड्या मतांनी का होईना, तो सुटला होता. आणि ज्या तहाचं खापर एस्किनिसवर फोडलंय, त्या तहाच्या बोलण्यासाठी गेलेल्या शिष्टमंडळात डेमॉस्थेनिस स्वतःही होता. ते तो फार लवकर आटोपतो.

पगारी हस्तकावरून जुने टीकाकार एक किस्सा सांगतात. डेमॉस्थेनिसनं पंचांना विचारलं, हा अलेक्झांडरचा मित्र वाटतो की भाडोत्री? विचारताना त्यानं "भाडोत्री" या ग्रीक शब्दाचा आघात मुद्दाम चुकवला. उच्चार दुरुस्त करायला गर्दीतून लोक ओरडले, "भाडोत्री! भाडोत्री!" आणि हा एस्किनिसकडे वळून म्हणाला, ऐकलंस, काय म्हणतात ते? खरं असेल-नसेल. भाषणाच्या लिखित प्रतीत प्रश्न आणि "ऐकलंस ना" हे दोन्ही आहेत, मधली आरोळी अर्थातच नाही.

कागदांबद्दल एक सावधगिरी. भाषणात तो वारंवार कारकुनाला "तो ठराव वाच" असं सांगतो, आणि जुन्या हस्तलिखितांत त्या जागी ठरावांचा मजकूरही दिलेला आढळतो. त्यातला बराचसा नंतर कुणीतरी रचून घातलेला आहे. अधिकाऱ्यांची नावं त्या-त्या वर्षांशी जुळत नाहीत, त्यावरून ते उघड झालं. पुस्तक हाती लागलं तर तेवढे भाग सोडून वाचा.

तोंडात खडे धरणं, लाटांपुढं ओरडणं, अर्धं डोकं भादरून तळघरात कोंडून घेणं, या त्याच्या गोष्टी शाळेच्या पुस्तकांतून सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. मला त्याच्या सुरुवातीची दुसरी गोष्ट जास्त आवडते. तो सात वर्षांचा असताना बाप गेला. तलवारी बनवायचा कारखाना आणि बाकीची मिळकत पालकांनी खाऊन टाकली. वयात आल्यावर त्यानं त्यांच्यावर दावे लावले, स्वतःच चालवले आणि जिंकले, जरी पैसा थोडाच परत मिळाला. म्हणजे त्याचं वक्तृत्व मिळकतीच्या दाव्यातून उभं राहिलं. पुढं विरोधक त्याला टोमणा मारत की तुझ्या युक्तिवादाला दिव्याच्या वातीचा वास येतो, म्हणजे हा रात्री जागून तयारी करतो. आमच्या धंद्यात याला टोमणा म्हणत नाहीत.

आता तुमचा बल्क कूलर. भाषण लिहायला बसू नका. आधी संस्थेचं प्रोसिडिंग बुक काढा आणि ज्या सभेत कर्जाचा ठराव झाला त्या दिवसाचं पान उघडा. तुमची इलाटियाची संध्याकाळ त्या पानावर असेल तर असेल. त्या महिन्यात किती लिटर दूध नासून परत येत होतं, टँकर किती वाजता यायचा, उन्हाळा होता का, हे सगळं तारखेनिशी जमवा. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं, हजर किती, आणि आज जे बोलणार आहेत ते त्या दिवशी सभेत होते का, हेही बघा. कर्जाला सर्वसाधारण सभेची मंजुरी होती का? असेल तर ती सभासदांच्या तोंडावर मारू नका. त्या दिवशी सभेनं घेतलेला निर्णय त्या दिवशी योग्य होता, असं म्हणा.

आणि पानावर जर असं निघालं की कुणीतरी त्याच सभेत उठून "कूलर मोठा होतोय, लहान घ्या" किंवा "तीन ठिकाणची कोटेशनं मागवा" असं सांगितलं होतं आणि तुमच्या मंडळानं ते ऐकलं नाही, तर डेमॉस्थेनिस तुमच्या कामाचा नाही. त्याचा सगळा डोलारा, दुसरा कुणी उठलाच नाही, या एका गोष्टीवर उभा आहे. तुमच्याकडे उठलेला माणूस असेल, तर सभेत पहिलं नाव त्याचं घ्या, तो बरोबर होता हे मान्य करा, मग राहिलेल्या हप्त्यांचं बोला. तो वेगळा युक्तिवाद आहे, वेगळ्या तयारीचा.

त्या पानाची झेरॉक्स घेऊन या. सह्यांचं पानसुद्धा आणा, नुसता ठराव नको.